हृदयाचं पारणं

अंबुजाबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझा दंड मागितला.

कुंभकोणमच्या त्या छोट्या हृदयरुग्णालयात माझा पहिलाच दिवस होता. मी मूळचा मिरजेचा, कॅथलॅबचं, म्हणजे हृदयाच्या नळ्या पडद्यावर दाखवणारं यंत्र चालवणारा तंत्रज्ञ. यंत्र नवं, तिथं कोणाच्या हाताला त्याची सवय नाही, म्हणून कंपनीनं मला वर्षभरासाठी धाडलं होतं. त्या वर्षाची पुढं चार वर्षं झाली, त्याला कारण बाईच. तमिळ मला तेव्हा पाणी मागण्यापुरतं येत होतं. माझी पेटी घेऊन मी जिन्याशी उभा होतो, तेवढ्यात समोरून एक साठीच्या बाई आल्या. पिवळीधमक रेशमी साडी, अंबाड्यावर मोगऱ्याचा घसघशीत गजरा, पायात पळायचे बूट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि डाव्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलेला. पट्ट्याची रबरी नळी पदराबरोबर लोंबत होती आणि बाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"तूंच कां तो मिरजेचा?" खणखणीत मराठीत त्या म्हणाल्या. "देव पावला! जेवलास कां नाहीं? बरें, तें मागाहून. हात पुढें कर आणि अंमळ उगा ऱ्हा."

मी हात पुढे केला. त्यांनी स्वतःचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला, फसफस हवा भरली, आणि माझा हात निळसर पडू लागला तशा आनंदानं माझ्याकडे पाहत राहिल्या. पेटी खाली ठेवायलाही मला वेळ मिळाला नव्हता.

"दुखतंय, डॉक्टर," मी म्हणालो.

"दुखूंदे. हात आत्तां हृदयाला निरोप धाडूंलाला आहे."

धाडूंलाला म्हणजे धाडत. हात म्हणजे माझा. हृदयही माझंच. निरोप काय होता ते मात्र मला कळायला आठवडा लागला.

बाईंचं घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारातलं. पूर्वज कुणीतरी तिथं कारकून होते म्हणे. दरबार गेला, कारकुनी गेली, मराठी तेवढी घरात राहिली. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, उंबऱ्याच्या आत आलं की 'ऐसें' आणि 'तैसें'. जुनी बखर माझ्याशी गप्पा मारायला बसली आहे असं मला वाटायचं. बाईंना उलट माझ्याच मराठीची कीव यायची. "तुम्हांकडे भाषा पार नासली," त्या म्हणायच्या. "अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी. आमची बघ, कशी निर्मळ आहे!" आणि पुढच्याच वाक्यात तीन शब्द तमिळ असायचे. मला तर त्या 'तंबी'च म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. त्यातला एक तर सारखाच यायचा, 'मेल्ल'. मेल्ल म्हणजे हळू, सावकाश. जिना उतरणाऱ्याला मेल्ल, कॉफी ओतणाऱ्याला मेल्ल, सुई टोचणाऱ्या नर्सला मेल्ल. स्वतः मात्र त्या कधी हळू चाललेल्या कुणी पाहिल्या नाहीत. मोपेडवरून त्या मेलकावेरी भागातल्या घरून निघाल्या की रस्त्यातल्या गाई आपण होऊन कडेला होत.

निरोपाचं कोडं त्यांनी मला उपाहारगृहात उलगडलं. बाईंचे एक चुलते होते, विठ्ठलाचे कट्टर भक्त. एकादशी निर्जळी करायचे. एका द्वादशीला सकाळी पारणं सोडायला बसले आणि भुकेच्या तावात उडदाच्या वड्यांचं अख्खं ताट रिकामं केलं. दुपारी त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

"उपासानं नाहीं मेला," बाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "पारण्यानं मरूंलाला! हृदयाचें ऐसेंच आहे, तंबी. नळी तुंबली, रक्त थांबलें, हृदयाला उपास घडला. आम्ही धावत येऊन नळी उघडितों. रक्त येतें तें कैसें? एकदम, धडाडून. उपाशी मांसाला तें झेपत नाहीं. जें वाचवायला आणिलें, त्यानेंच कांहीं पेशी मरतात. आपण जीव वाचवितों आणि वाचवितां वाचवितां थोडें मारितों. हें मला सहन होत नाहीं."

हे सांगताना त्यांचे डोळे खरंच भरून आले होते आणि त्याच वेळी त्या माझ्या ताटातला वडा उचलत होत्या.

उपाय त्यांनी वाचला होता, तो हाच. हाताचं रक्त पट्ट्यानं थोडा वेळ अडवायचं, मग सोडायचं, पुन्हा अडवायचं, पुन्हा सोडायचं. असं काही वेळा केलं की शरीर कुठल्याशा वाटेनं हृदयाला सावध करतं आणि मग रक्त परत आल्यावर हृदयाला कमी इजा होते. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत ते दिसलं होतं, थोड्या रुग्णांतही चिन्हं बरी होती. खर्च शून्य. पट्टा तर प्रत्येक दवाखान्यात असतो. बाई या कल्पनेच्या अक्षरशः प्रेमात पडल्या होत्या.

रुग्णालयात छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की त्याच्या घरच्यांना विचारून एकीकडे ईसीजी, औषधं, कॅथलॅबची तयारी आणि दुसरीकडे दंडाला पट्टा. त्यानं वेळ जात नव्हता, म्हणून कुणी हरकत घेत नसे. पण बाई रुग्णांवर थांबल्या असत्या तर त्या अंबुजाबाई कसल्या! यजमान पांडुरंगराव यांचं मोठ्या बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान. अतिशय अबोल गृहस्थ. गिऱ्हाइकाला समई दाखवताना त्यांच्या एका हाताला बहुतेक वेळा पट्टा असायचा. गिऱ्हाईक घाबरून विचारी, "काय झालं, सार?" पांडुरंगराव शांतपणे सांगत, "लग्न."

एकदा बाईंच्या भाचीचं लग्न होतं. मीही गेलो होतो. पंगतीच्या वेळी वराचे वडील भडकले. कारण इतकंच, की त्यांना मिळालेली कॉफी कोमट होती. कुंभकोणमला कोमट कॉफी देणं म्हणजे तोंडावर अपमान. गृहस्थ उठले, उपरणं झटकलं, वऱ्हाड घेऊन निघतो म्हणाले. मुलीच्या आईनं रडायला सुरुवात केली. सनईवाल्यांनी नेमका गोंधळून वेग वाढवला. बाई गर्दीतून वाट काढत आल्या, व्याह्यांचा दंड धरला आणि चेहरा गंभीर करून तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, बसा. तुमचा रंग मला ठीक दिसत नाही."

व्याही चटकन बसले. पट्टा चढला, हवा भरली. आता पट्टा चढलेला माणूस भांडू शकत नाही. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या हाताकडे असतं. हवा सोडली की बरं वाटतं, आणि बरं वाटतंय तोवर पुन्हा भरली जाते. दोन फेऱ्यांनंतर व्याही विचारू लागले, "डॉक्टरअम्मा, मला काही झालं नाहीये ना?" तिसऱ्या फेरीला कढत कॉफी आली. ती त्यांनी डाव्या हातानं, मुकाट्यानं घेतली आणि वर बाईंचे आभार मानले. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हृदयाचें ठाऊक नाहीं, लग्न मात्र वाचलें." आणि अशा हसत सुटल्या की गजरा सुटून पायसमच्या पातेल्यात पडता पडता राहिला.

पण त्या नुसत्या विक्षिप्त होत्या असं वाटायला नको. त्याला साक्ष चोक्कलिंगमच्या दिवसाची.

चोक्कलिंगम हा आमच्या रस्त्यावरच्या खाणावळीचा मालक आणि आचारी. कुंभकोणमला कडप्पा म्हणून एक पदार्थ करतात, बटाटा आणि मूगडाळ घालून केलेला पातळसर रस्सा, इडलीबरोबर खायचा. चोक्कलिंगमचा कडप्पा खायला पट्टीश्वरमहून माणसं येत. बाई दर रविवारी तिथं हजर. एका सकाळी ऐन गर्दीत तो चुलीपाशी घामाघूम होऊन खाली बसला. त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांची बडबड बंद झाली. कामाच्या वेळी ती नेहमीच बंद व्हायची. तेव्हा त्यांचे फक्त हात बोलायचे.

आत घेतलं. पट्टा होताच. पडद्यावर मला दिसत होतं, हृदयाची पुढची मोठी नळी वरच्या अंगालाच तुंबलेली. बाईंनी बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेली. तिच्यावरून सरकवलेला इवलासा फुगा नळीत फुगवला, सोडला. पडद्यावर रंगद्रव्याची काळी रेघ वाहत खालपर्यंत गेली, रक्त पोहोचलं. माझ्या शेजारची नर्स "आलं!" म्हणाली, आणि त्याच क्षणी मॉनिटरवरच्या रेघेनं ताल सोडला. नुसती वेडीवाकडी थरथर. चोक्कलिंगमचे डोळे फिरले.

"शॉक," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा.

पहिल्या शॉकनं काही झालं नाही. छातीवर दाब देणं सुरू झालं. दुसऱ्या शॉकनं रेघ एकदा सपाट झाली आणि मग टक, टक, टक करत ती आपल्या जागी आली. बाईंनी उरलेलं काम पूर्ण केलं, स्टेंट बसवला, हातमोजे काढले आणि मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"पाहिलेंस?" त्या मला हळूच म्हणाल्या. "उपाशी होतें तोवर गप्प होतें. अन्न मिळालें आणि अंगावर आलें."

दुपारी चोक्कलिंगम शुद्धीवर आला. बाई त्याच्यापाशीच बसल्या होत्या. त्यानं क्षीण आवाजात विचारलं, "अम्मा, कडप्पा कोण ढवळतंय?"

"करपला," बाई म्हणाल्या. "पूर्ण करपला. गावावर सुतक आहे."

तो हसला. बाई त्याला गप्प करत करत स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना बाहेर पाठवावं लागलं.

पुढं त्याच्या हृदयाची तपासणी झाली, ते छान आकुंचन पावत होतं. बाईंची खात्रीच पटली. हा पट्ट्याचा विजय! गावातल्या डॉक्टरांची दरमहा सभा भरे, ती या वेळी एका मंगल कार्यालयात सगळ्यांसाठी खुली ठेवायची ठरली. बाईंचं व्याख्यान, विषय 'हात राखतो हृदय'. भलामोठा फलक रंगवून आला. चोक्कलिंगमला पुढच्या रांगेत मानाची खुर्ची.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली. परदेशात हजारो रुग्णांवर हाच पट्टा बांधून पाहिला होता आणि निकाल स्वच्छ होता. पट्टा बांधला काय, न बांधला काय, रुग्णांच्या जगण्यात फरक पडत नाही.

बाईंनी ते माझ्यासमोरच वाचलं, रुग्णालयातल्या त्यांच्या खोलीत. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं. मग खुर्चीत मागे टेकल्या. मी त्यांना काम नसताना गप्प बसलेलं त्या एकाच दिवशी पाहिलं. पांडुरंगराव डबा घेऊन आले, त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला, काही न विचारता कॉफी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत अशी ओतून फेसाळ केली आणि पुढे ठेवली. स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले. खिडकीतून बाहेरचे हॉर्न ऐकू येत होते.

"इतके दिवस मी लोकांचे हात उगाच पिळिले," बाई शेवटी म्हणाल्या.

पांडुरंगराव विचार करून म्हणाले, "माझा तर फारच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतात. पण त्या हसायला लागल्या, आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग टेबलावर डोकं टेकून. पांडुरंगरावही हसले. त्यांना हसताना दात असतात हे मला त्या दिवशी कळलं.

"सभा रद्द करूया का?" मी विचारलं.

"काय म्हणून?" बाई पदरानं डोळे पुसत उठल्या. "लोक तर येऊंलाले आहेत. लाल कागद आण."

सभेच्या दिवशी फलकावर 'हात राखतो हृदय' याच्या पुढं लाल कागदाचं एक प्रचंड प्रश्नचिन्ह चिकटवलेलं होतं. ते बाईंनी स्वतः कापलं होतं आणि ते जरा तिरकं झालं होतं.

कार्यालय भरलं होतं. बाई तमिळमध्ये बोलायला उभ्या राहिल्या. उपास, पारणं, चुलते, वडे, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले. मग त्या म्हणाल्या, "आणि आता ऐका. पट्ट्यानं हृदय वाचतं असं मी तुम्हाला सांगत आले. ते खरं नाही. मोठ्या परीक्षेत तो नापास झाला. मी चुकले."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग पुढच्या रांगेतून चोक्कलिंगम उठला.

"अम्मा, असं कसं म्हणता?" तो जवळजवळ ओरडलाच. "पट्टा नापास, तर मग मी इथं उभा कसा?"

"तू लवकर आलास म्हणून," बाई म्हणाल्या. "उपास लांबायच्या आत नळी उघडली. उपास जितका छोटा, तितकं पारणं सोसतं. उशीर केला असतास तर मी काही करू शकले नसते. तुला कुणी आणलं?"

चोक्कलिंगमचा चेहरा पडला, कारण उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं. त्याला आणलं होतं समोरच्या खाणावळीच्या मुरुगेसननं. दोघांचं कित्येक वर्षं भांडण. रस्त्यापलीकडं एकमेकांकडे बघतही नसत. त्या सकाळी चोक्कलिंगमचे नोकर त्याला सोडा पाजत बसले होते, गॅस झालाय म्हणत होते. मुरुगेसननं समोरून पाहिलं, धावत आला, भाजीच्या रिक्षातली वांगी रस्त्यावर ओतली आणि त्याला आत घातलं.

मुरुगेसन सभेला आला होता. फुकट कॉफीसाठी, अगदी मागच्या दाराशी. सगळ्या माना तिकडे वळल्या. तो पळायच्या बेतात होता.

"इकडे ये, मुरुगेसा," बाई ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या. "हृदय राखणारा हात तुझा."

तो पाय ओढत पुढं आला. चोक्कलिंगम त्याच्यासमोर उभा राहिला. मग चोक्कलिंगमनं घसा खाकरला.

"तुझं सांबार पाण्यासारखं असतं," तो म्हणाला. "पण रिक्षा वेळेवर आणलीस."

"तुझ्या कडप्प्यात डाळ कमी असते," मुरुगेसन म्हणाला. "पण तू मेला असतास तर मी कुणाशी भांडलो असतो?"

आणि चोक्कलिंगमनं त्याला मिठी मारली. बाई व्यासपीठावरून "मेल्ल! मेल्ल! छाती आहे त्याची!" असं ओरडत होत्या, पण ते कुणाला ऐकू जाणार? कार्यालयात शिट्ट्या वाजत होत्या. पांडुरंगराव उभे राहून टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात मोकळे.

त्यानंतर बाईंना नवं वेड लागलं. एक रिक्षा, तिच्यावर भोंगा आणि आत बाई. रुग्णालयातलं काम आटोपलं की साक्कोट्टै, पट्टीश्वरम, जिथं रस्ता जाईल तिथं. भोंग्यातून त्यांचा आवाज शेतांवरून जायचा: "छातीत दुखतंय? सोडा पिऊ नका! आलं चावू नका! शेजाऱ्याला विचारत बसू नका! सुनेशी भांडण उद्या करा! आधी निघा!" बायका दारात येऊन हसत, पण ऐकत. पुढं पुढं माणसं खरोखर लवकर येऊ लागली. कधी गॅसच निघायचा. बाई त्यालाही शाबासकी देऊन परत पाठवायच्या.

एकदा मी त्यांना विचारलं, "पट्ट्याचं वाईट वाटतं का हो?"

"वाटतें की," त्या म्हणाल्या. "पारणें सोसण्याचा उपाय अजून कोणाला गवसलेला नाहीं. गवसेल. मी शोधणारांवर डोळा ठेवून आहे. तोंवर आपण उपास तरी लहान करूं." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तूं जेवलास कां नाहीं?"

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांचा निरोप रीतसर घेतला. पाया पडलो, पांडुरंगरावांनी एक छोटी समई दिली, बाईंनी माझ्या मराठीची काळजी घ्यायला सांगितलं. पण मला आठवतं ते नंतरचं, त्याच सकाळी बसमधून दिसलेलं.

तिरुचीची बस बाजारातून निघाली आणि थोड्याच अंतरावर थांबली. पुढं सगळंच थांबलं होतं. बस, दुचाक्या, उसाच्या गाड्या. हॉर्नांचा कल्लोळ. मी खिडकीतून मान बाहेर काढली. रस्त्याच्या मधोमध देवळाची हत्तीण उभी होती, कपाळावर ताजं गंध. तिच्या पुढच्या पायामागं, कुशीला कान लावल्यासारख्या वाकून, अंबुजाबाई उभ्या होत्या. कानात स्टेथोस्कोप, डोळे मिटलेले. माहूत सोंडेवरून हात फिरवत होता. मध्येच बाईंनी एक हात उंच केला, आणि आश्चर्य म्हणजे जवळचे हॉर्न थांबले, मग त्यामागचे, मग आमच्या बसचा. अख्खा बाजार गप्प झाला.

बाईंना ठोका सापडला असावा. कारण त्यांचा चेहरा उजळला आणि वर केलेल्या हाताची मूठ त्या हळूहळू मिटू-उघडू लागल्या. मिटली, उघडली. मग खूप वेळानं पुन्हा मिटली, उघडली. हत्तिणीचं हृदय किती निवांत चालतं ते सगळ्यांना दाखवत होत्या. फुलवाल्या बाईनं नकळत आपली मूठ तशी केली. आमच्या कंडक्टरनं तिकिटांचा गठ्ठा काखेत मारून केली. मीही खिडकीबाहेर हात काढला, आणि बस हलेपर्यंत आम्ही सगळेजण त्या ठोक्यावर मुठी मिटत आणि उघडत राहिलो.